पंचवीस किलो, सुती

महिन्याच्या आठ तारखेला, पोरांचे पगार वाटून झाले
की उरलेल्या पैशात चिंध्या येतात.
ऑइल येतं उधारीवर, बेअरिंग उधारीवर,
चिंधी मात्र रोख.
नरसव्वा बिंगी वही ठेवत नाही.
"कपड्याला उधारी चालतंय ओ,
फाटक्याला कसं चालंल?"

साखर पेठेत, बोळाच्या टोकाला, तिचं पत्र्याचं शेड.
दारातच नाकात तूस जातं.
पांढरा ढीग पंचावन्न रुपये किलो, रंगीत अडतीस,
आणि कोपऱ्यातला अठरा,
त्याच्याकडे ती स्वतःही बघत नाही.

पहिल्या वर्षी मी तोच उचलला होता.
वर्कशॉप नवं होतं, मी त्याहून नवा.
सगळा पॉलिस्टर निघाला. तेल पुसत नाही तो,
तेलाला फिरवून आणतो.
वर एका ब्लाउजच्या तुकड्यात राहिलेला हूक
कुंभारीच्या गिऱ्हाइकाच्या शाफ्टवर
केसाएवढी रेघ ओढून गेला.
त्या रेघेचे साडेचार हजार भरले मी.

आता बोटांना कळतं.
बनियनचं कापड गेज पुसायला,
टर्किश टॉवेल हातांना आणि सांडलेल्या ऑइलला,
चादरीचा तुकडा व्हाइसच्या जबड्यात, जॉबला डाग पडू नये म्हणून.
जुनं धोतर मिळालं तर काय विचारता,
पण धोतरं नेसणारेच कुठं राहिलेत.
गोणी उचलण्याआधी हात कोपरापर्यंत आत घालायचा:
मधे गार लागलं तर वजनात पाणी.
नरसव्वाच्या गोणीत पाणी नसतं.
तरी मी हात घालतो,
आणि ती तेवढ्यापुरती दुसरीकडे बघते.

तिची सून ब्लेडनं गुंड्या काढत बसलेली.
एकेक गुंडी डालड्याच्या डब्यात,
टण्ण.
बोलणं त्या आवाजाच्या मधल्या जागेत करायचं.

या खेपेला गोणीत वरच कोरे टॉवेल.
एकदाही न धुतलेले, काठ शाबूत,
काठावर निळ्या दोऱ्यात विणलेलं नाव.
"अहो, हे कशाला चिंध्यात घातलं?"
"वाच की नीट."

वैवभ लॉज.

"आमच्या मालकानं लावलेलं डिझाइन.
माग थांबेपतूर चारशे नग निघाले.
लॉजवाला म्हणला, घेत न्हाई.
शेठनं ते पगारात धरले.
चार हप्ते घरात टॉवेलच आले ओ, पैसा न्हाई.
मग काय, फाडले. किलोवर इकले.
तवापासून हा धंदा."

टण्ण.

"आणि हे एवढेच कसे राहिले?"
"खाटेखाली होते. काढू देत नव्हते.
आता त्यास्नी चष्म्याबिगर वाचता येईना,
आन् चष्मा कुठं ठिवलाय ते मलाच ठाव."
एवढं बोलून तिनं काट्यावर गोणी चढवली,
पंचवीसच्या वर काटा जरा झुकला,
झुकू दिला.

दुपारी रेवणसिद्ध पंप उघडून बसला होता,
मनगटापर्यंत काळा.
मी त्यातला एक टॉवेल फेकला त्याच्याकडे.
एका पुसण्यात हात निघाला.
पीळ पक्का, फूल दाट,
ज्यानं विणलं त्यानं कापडात काही चुकवलं नव्हतं.

"काय लिहिलंय बघ त्यावर," मी म्हणालो.
त्यानं काठ उजेडात धरला.
नववीपर्यंत शिकलेलं पोरगं,
स्पेअरच्या खोक्यावरचे बारीक आकडेही सोडत नाही.

"वैभव लॉज," त्यानं वाचलं.
"कुठंय ओ हे?"

आणि पंपात डोकं घातलं परत.