पान दोनशे बारा

इकडे नॉर्वेत ईस्टरला सगळा देश खून वाचतो.
दुधाच्या खोक्यावरसुद्धा छोटीशी रहस्यकथा छापतात.
सोललेल्या संत्र्याचा वास, तोंडावर ऊन,
आणि मांडीवर कुणीतरी मेलेलं.

मीही घेतली एक. चारशे सहा पानं.
केबिनच्या भिंतीला टेकून, बर्फात पाय खुपसून
चार दिवस वाचत होते.
काय रचलं होतं बाईनं!
डॉक्टरच्या कोटात एकच ओला हातमोजा,
औषधाच्या दुकानाची अर्धी फाडलेली पावती,
पाद्र्याची बायको, जी उत्तर देण्याआधी
दर वेळी खिडकी लावून घेते.
आणि तो म्हातारा कुत्रा,
जो होडीघराच्या दारापर्यंत येतो
अन् पुढे पाऊल टाकत नाही.
रात्री दोनदा उठून मी कडी चाचपली.

तीनशे अठ्ठ्याऐंशीव्या पानावर कळलं :
जुळा भाऊ होता.
कॅनडाहून आलेला.
त्याआधी त्याचं नाव नाही, सावली नाही.
आला, कबूल झाला, कड्यावरून पडला.

मलाच काही निसटलं असेल म्हणून
पानं उलटी चाळत गेले.
नाही. हातमोजा तसाच ओला.
ती बाई खिडकी का लावायची, कुणी विचारलंच नाही.
आणि कुत्र्याला तर लेखिका
साफ विसरून गेली, बाहेर, थंडीत.

राग आला. मग हसू आलं.
संत्र्याची साल शेगडीत टाकली, ती चरचरली.

आमच्या सिगवार्टची होडी सापडली तेव्हा
इंजिन चालू होतं, थर्मासमधली कॉफी गरम,
बूट जोडीनं काढून ठेवलेले.
पोलिसांनी अडीच ओळी लिहिल्या. अपघात.
"बूट का काढले असतील?" मी विचारलं.
साहेब म्हणाले, "समुद्र आहे, तोरगुन."

समुद्राला मी काय बोलणार.
पण ही बाई तर टेबलाशी बसून लिहीत होती ना,
दिव्याच्या उजेडात, हाताशी खोडरबर.
तिला कसली घाई होती?

काल संध्याकाळी आसलाउग आली, दारात स्की झटकत.
"कशी आहे गं? शेवट सांगू नकोस हं!"
नाही सांगितला.
चॉकलेटची चांदी दुमडून
दोनशे बाराव्या पानात खूण घातली
आणि पुस्तक तिच्या हातात दिलं.
तिथे अजून उजाडलेलं नाही.
कुत्रा होडीघरासमोर उभा आहे, कान टवकारून.

"इथवर ये," म्हटलं.
"पुढचं तुझं तू बघ."