तिसरी सही

केपेंच्या कोर्टात मी नावं पुकारायचो.
केंकरेबाब तेव्हा वकील, कोटाच्या कोपराला रफू,
फी म्हणून कुणाची शहाळी, कुणाचे उकडे तांदूळ.
सावळी वेळीप आली ती रिकाम्या हातांनी.
भाटकाराने तिच्या पायवाटेवर गडगा घातलेला.
वकीलपत्रावर बाबांची सही, खाली तिचा अंगठा.

मग बाब निवडून आले, पणजीला गेले.
तिच्या अर्जावर शेरा मारला: त्वरित कार्यवाही.
सही. अर्ज त्वरित कपाटात गेला.

पुढच्या खेपेला पडले,
आणि बऱ्याच वर्षांनी न्यायाधीश होऊन आले
त्याच खुर्चीवर, जिच्यापुढे घसा कोरडा करायचे.

सावळी वेळीप हाजिर?
फायलीच्या तळाशी त्यांना आपलीच जुनी सही भेटली.
बराच वेळ पंखा तेवढा बोलत होता.
"हे प्रकरण माझ्यापुढे चालणार नाही."
कायद्याने बरोबरच. त्याखालीही सही.

म्हातारी रागावली नाही, तिला हिशेब लागेना:
"माझा वकील तीनदा मोठा झाला रे,
गडगा तेवढाच."

त्या संध्याकाळी बाबांनी गाडी परत पाठवली,
कुशावतीच्या काठाने चालत गेले म्हणे.

पुढल्या तारखेला ती सांगत होती,
गडग्याचे दोन दगड खाली आलेत.
गुरांनी पाडले असतील,
मी म्हटलं.