वापर अज्ञात

मांडवीच्या धक्क्याकडे उतरताना डावीकडे,
मिठाच्या जुन्या गोदामात आहे आमचं संग्रहालय.
तिकीट दहा रुपये. सोमवारी बंद.
शुक्रवारी फुकट, कारण कधीतरी
एका साहेबाने तसं ठरवलं
आणि नंतरच्यांना ते मोडायचं सुचलं नाही.

येतात माणसं.
गोव्याहून परतणाऱ्या गाड्या येतात
उलटी झालेलं पोर घेऊन,
आधी विचारतात, नळ कुठे.
डिसेंबरात शाळा येतात, दोघादोघांच्या रांगा,
हात लावू नका म्हटलं की लावतातच.
देवमाशाच्या बरगडीला एका जागी
बोटांनी चकाकी आलीय,
नंदीच्या पाठीला येते तशी.
आणि निघताना दारात थांबून सगळे म्हणतात,
"एवढंच?"

एवढंच.
काच तडकलेलं पितळी होकायंत्र.
तीन तोफगोळे, त्यातला एक
तोफगोळाच आहे याची मला खात्री नाही.
एक छोटा पडाव. त्याचं शीड उंदरांनी खाल्लं,
आत्ताचं माझ्या बहिणीने शिवलंय, परकराच्या कापडाचं.
आणि सात नंबरच्या कपाटात
काथ्याची दोरी, चार हात,
एका टोकाला मऊ पट्टा, जुन्या लुगड्याचा.
खाली चिठ्ठी, माझ्या अक्षरात:
दाता: नोंद नाही. वापर: अज्ञात.

अक्षर बरं म्हणून तेवीस वर्षं इथे आहे मी.
सांगतात ते लिहितो.

जैनब होडेकर मिरकरवाड्याच्या.
सिव्हिलमध्ये नंबर लागायला वेळ होता,
पंख्याखाली बसायला आल्या होत्या, खरं तर.
सातव्या कपाटाशी थांबल्या.
"वाच."
वाचलं.
अज्ञातपाशी हसायला लागल्या, हसता हसता खोकल्या.
"कसला अज्ञात? पोर बांधायचो आमी हिनं."

मग ओढणीचं टोक माझ्याच कमरेला.
"गाठ पाठीकडं घ्यायची. पुढं मारलीस
तर पोर दातानं सोडवतं."
आणि दुसरं टोक खांबाला.
"खांबापासनं विळीपातूर पाच हात.
म्हनून दोरी चार."

असा मी, सरकारी नोकर, वय बावन्न,
खांबाला बांधलेला,
आणि दारात कोल्हापूरचं एक कुटुंब,
त्यांनी तिकीट न काढताच फोटो काढला.
एक हात.
पाचव्या हातावर सुरमई चिरली जात होती, ते दिसलं मला,
खवले उडताना,
आणि एक पोर, तोंडात मूठ, पुढे झेपावलेलं,
जेमतेम तेवढंच अडलेलं.

कार्यालयाला लिहिलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं:
मौखिक माहितीस आधार जोडावा.
जैनबबींनी लगेच पिशवीत हात घातला
आणि आधार कार्ड दिलं, झेरॉक्सला.
तेही पाठवलं मी.
अजून काही आलेलं नाही.

तोवर चिठ्ठीखाली पेन्सिलीने लिहिलंय,
पुसता येईल असं, हळू हाताने:
पोर जगवायला.

गेल्या शुक्रवारी आल्या पुन्हा.
कपाटाकडे बघितलंही नाही, थेट टेबलाशी.
"नातीची पोर रांगाया लागली रं.
घर धक्क्याला लागून.
नायलॉनची दोरी कातडं सोलते.
ही मिळंल? आनून देईन."

नोंदवही उघडली.
आवक. जावक. दुरुस्ती. नष्ट.
परत कामाला लागली, असा रकानाच नाही.
त्या उभ्या होत्या, गुडघा चोळत.
बाहेर ओहोटी होती, सुक्या बांगड्याचा वास.

कपाटाची किल्ली मी बराच वेळ शोधत राहिलो.
खिशातच होती.