याला काही लागत नाही

मांजरीच्या नर्सरीत घुल्यांनी
काळ्या पिशवीतलं रोप हातात देत सांगितलं,
"ताई, हा न्या. याला काही लागत नाही.
भुरी नाही, काळे ठिपके नाहीत,
औषध मारलं नाही तरी रुसत नाही.
उन्हात लावा आणि विसरून जा."

मला तेच हवं होतं, विसरता येईल असं काहीतरी.
आधीचा ग्लॅडिएटर शेंड्याकडून काळा पडत पडत गेला,
तेव्हा आम्ही निहारला घेऊन हॉस्पिटलात होतो, तिसऱ्यांदा.

बिबवेवाडीतला तळमजला.
बाग म्हणायची ती बिल्डरच्या कागदावर,
आठ फूट बाय पाच, एका कडेला पाण्याचा मीटर,
दुसऱ्या कडेला मंदारची स्कूटर,
वर दोरीवर टॉवेल.
खड्डा रेवतीनं खणला. बारावीत होती.
दीड फूट, घुल्यांनी सांगितला तेवढा, पट्टी लावून.
खाली फुटक्या विटा, मग शेणखत, मूठभर निंबोळी पेंड.
मी आत नेब्युलायझर धरून बसलेले.
खिडकीतून म्हणाले, "छान." न बघता.

लागला.
पहिल्याच थंडीत घोसाघोसानं आला.
पाच पाकळ्यांची फुलं, फिकट, मधे पिवळी,
वासासाठी नाकच खुपसावं लागतं.
हारात ओवता येत नाहीत, केसात टिकत नाहीत.
शेजारच्या चिपळूणकर बाई म्हणाल्या, "गुलाब आहे होय हा?"
पण येत राहिली.
मे महिन्यात टाकी आटली तेव्हाही,
गुरुवारी नळाला पाणी नसतं तेव्हाही.
चहाचा चोथा टाकला तर ठीक,
नाही टाकला तरी ठीक.

घरात असं म्हणायची सवयच होती आम्हाला.
पालकसभेला कोण जाणार? रेवतीच्या?
तिथे काय, तिचं ठीकच असतं.
फॉर्म तिनं भरले, बसचे पास तिनं काढले,
चष्म्याचा नंबर वाढला
तेही नवा चष्मा घालून आली तेव्हा कळलं.

दसऱ्यानंतर छाटणी.
ती तिनं शिकवली मला, जायच्या आदल्या रविवारी.
"आई, डोळा बघ. बाहेरच्या बाजूला बघणारा.
त्याच्या पाव इंच वर, तिरका काप.
आत बघणाऱ्यावर कापलंस
तर फांद्या एकमेकींत गुंततात."
"हे कुठे शिकलीस?"
"चार वर्षं मीच कापतेय."
आवाजात काही नव्हतं.
मी शोधलं. खरंच काही नव्हतं.

आता ती कोइमतूरला. रविवारी फोन.
आधी निहारचा दमा, मग बाबांचं बीपी,
मग ठेवता ठेवता, "गुलाब कसा आहे?"
मी म्हणाले, "त्याला काय होतंय. त्याचं तो बघतो."
पलीकडे कुणाचा तरी मिक्सर चालू होता.
तो थांबल्यावर ती म्हणाली, "बरं."

त्या गुरुवारी, पाणी बंद असताना,
पिण्याच्या पिंपातलं अर्धी बादली
मी त्याच्या बुडाशी ओतलं.
शुक्रवारी परत.
शनिवारी माती उकरून खत, अंड्याची टरफलं,
वर गूळपाणी, कुणीतरी सांगितलं होतं म्हणून.
आठवड्यात खालची पानं पिवळी.

घुल्यांना फोन केला. हसले.
"अहो, सगळं एकदम देता होय?
पाणी तोडा आता. खुर्ची टाका त्याच्याजवळ आणि बसा."
"आणि?"
"आणि काय. बसा."

स्कूटर थोडी सरकवली.
प्लास्टिकची खुर्ची जेमतेम मावते,
एक पाय मीटरच्या झाकणावर,
टॉवेल डोक्याला लागतो.
एका फांदीवर, तिनं कापलं होतं त्याच्या जरा खाली,
डोळा फुगलाय, लालसर,
रस्त्याकडे तोंड करून.