ठसा

सिद्धनकेरीच्या घाटावर, सीनेच्या पाण्याला लागून
एक दगड उताणा पडलाय.
त्याच्या अंगावर नऊशे वर्षं
(नक्की नाही सांगता येत, शकाचा आकडाच फुटलाय)
आणि निदान तीन पिढ्यांच्या गोधड्या.

मी विद्वान नाही.
सोलापुरात, अशोक चौकामागच्या कारखान्यात
एकोणतीस वर्षं जेकार्डची कार्डं पंच केली.
भोक असेल तिथं धागा उठतो,
नसेल तिथं निजून राहतो.
चादरीवरचा मोर असा येतो, पुठ्ठ्यातल्या नसण्यातून.
हे ऐकूनच बिराजदार सरांनी मला सोबत घेतलं असणार,
नाहीतर हळेकन्नड वाचणाऱ्या माणसाला
पुठ्ठेवाल्याचं काय काम?

काथ्याच्या ब्रशनं शेवाळ काढलं.
ओला कागद अंथरला, ठोकला, ठोकला,
अक्षरांत उतरेपर्यंत ठोकला.
मग शाईचं बोचकं, हलक्या हातानं.
कागद काळा होत गेला, अक्षरं पांढरी राहिली.
मोर, मी म्हणालो.
सर म्हणाले, काय?

वर सूर्य, चंद्र, एक गाय, तिचं वासरू.
खाली राजा.
राजा म्हणजे नुसत्या पदव्या.
समस्तभुवनाश्रय, पृथ्वीवल्लभ,
कल्याणात (हे बिदरकडचं कल्याण)
सुखसंकथाविनोदात राज्य करीत असता
त्याच्या पायाशी महामंडलेश्वर,
महामंडलेश्वराच्या पायाशी दंडनायक,
दंडनायकाच्या पायाशी कुणी कारकून,
अकरा ओळी झाल्या
आणि अजून तेलाचा थेंब नाही.

बाराव्या ओळीत देवाला दिवा मिळतो.
घाण्यामागं एक पळी तेल, रोज,
चंद्रसूर्य असेतो.
देणाऱ्याचं नाव...
सरांनी भिंग लावलं. डोकं तिरकं केलं.
तेराव्या ओळीच्या जागी
बशीएवढा खळगा, गुळगुळीत.

"त्ये आमी घासलंय," मागनं आवाज आला.
डोक्यावर धुण्याची पाटी, कल्लव्वा गाणगेर.
"मी, माझ्या सासूनं, तिच्या सासूनं.
वरल्या अंगाला लई खरबरीत, धडुतं फाटतंय.
हितं मऊ लागतंय हाताला."

गाणगेर.
कन्नडात गाणा म्हणजे घाणा.
सरांनी माझ्याकडं पाहिलं, मी नदीकडं.

राजासाठी छिन्नी खोल गेली असणार.
तेल्यापाशी येईतो पाथरवट दमला असेल,
किंवा ठरलेलं धान्य आधीच संपलं असेल.
मला ठाऊक आहे ते.
पगार थकला की आमचीही भोकं अर्धवट पडायची
आणि मोराला पाय नसायचे.

"देऊळ कुठाय पण?"
ती हसली. एक खांब मारुतीच्या पाराला,
उंबरा शाळेला,
राहिलेलं बंधाऱ्यात.
"दिवा लावतो की आम्ही, सोमवारी.
घरात."

"काय लिवलंय पुढं?" तिनं विचारलं.
सरांनी वाचून दाखवलं,
राजा, मंडलिक, पळी, चंद्र, सूर्य,
आणि थांबले. "एवढंच."
दोन ओळी शिल्लक होत्या.
हा धर्म जो मोडील
त्याला गंगाकाठी हजार गायी मारल्याचं पाप,
हे सरांनी मला परतीच्या एसटीत सांगितलं,
मंद्रुप गेल्यावर, खिडकीकडं तोंड करून.

आता तो कागद माझ्या घरी, दोरीवर,
धुतलेल्या चादरींच्या रांगेत वाळतोय.
खळग्यात शाईचं बोचकं पोचलंच नव्हतं.
सगळ्या काळ्यात, राजाच्या बारीक पांढऱ्या अक्षरांखाली
बशीएवढं कोरं पांढरं.

मी बराच वेळ बघत बसतो.
कार्डाला एवढं भोक पडलं असतं
तर मालकानं हाकलून दिलं असतं मला,
आणि मागावरचे सगळेच्या सगळे धागे
एकदम उठले असते.