मागची साठ महिने

काउंटीच्या कचेरीत पेन दोरीला बांधलेलं.
ऑक्झियर बाईंनी विचारलं,
मागच्या साठ महिन्यांत कुणाला काही दिलंत?
विकलेलं नको. नुसतं दिलेलं.

मी आठवत बसलो.
शेजारच्या डेलमारला शिडी, ती अजून त्याच्याकडेच.
चर्चच्या थाळीत दर रविवारी दहा.
नातवाला जुन्या ट्रकसाठी चार हजार.
तो चेक अर्डिथनं लिहिलेला,
अक्षर तेव्हाच ओळीवरून घसरू लागलं होतं.

बाईंनी चार हजारांखाली रेघ ओढली.
तेवढ्यापुरते दिवस सरकार भरणार नाही, म्हणाल्या.
रागानं नाही,
पावती फाडावी तसं.

नर्सिंग होमचं बिल महिन्याला नऊ हजार
आणि आम्ही जन्मभर कूपनं कापणारी माणसं.
मेडिकेअरनं थोडे दिवस धरलेला हात सोडला.
मेडिकेड देतं, पण गरिबाला,
आणि आम्ही अजून पुरते गरीब नव्हतो.

मग गरीब व्हायला लागलो.
छप्पर नवं घातलं. तळघरातली भट्टी बदलली.
तिची शवपेटी आगाऊ घेतली. ती नियमात बसते.
ओकची की अक्रोडाची, विचारायला गेलो
तर म्हणाली, कपाट घेतोयस?
आतून अस्तर लाव, स्वेटरं अडकतात.

घर माझ्याकडे राहिलं, गाडी राहिली.
अंगठी मोजत नाहीत,
तरी मी सांगितली.
बोटातून निघत नाही, तेही सांगितलं.

मार्चमध्ये पत्र आलं : मंजूर.
खाली कुणाची सही नाही.
खिडकीबाहेर ओहायो नदीवर कोळशाचा तराफा
संथ चाललेला.
तो वळणाआड जाईपर्यंत
मी सिंकचा काठ धरून उभा होतो.

आता तिची पेन्शन परस्पर तिकडेच जाते.
हातखर्चाला पन्नास उरतात.
गुरुवारी ती केस सेट करून घेते
आणि कुणाची तरी वाट पाहते,
बहुधा माझी, पंचविशीतल्या.

काल तिच्या उशीखाली पाकीट सापडलं.
पणतवाच्या वाढदिवसाचं कार्ड,
आत पाच डॉलर, घडी घालघालून नखाएवढे केलेले.
पाकिटावर नाव त्याच्या बापाचं.

मी तिकीट चिकटवलं.
पेटीत टाकताना उगाच मागं वळून पाहिलं.

ऑक्झियर बाईंचा पुढचा फॉर्म ऑगस्टमध्ये.
ते पाच डॉलर
मी कुठंही लिहिणार नाही.