मेरेन

एकतीस वर्षं मी डिचोलीच्या कोर्टात टाइप करते आहे.
आरोप वाचून समजावायचं कामही माझ्याकडेच चिकटलं,
दुभाष्याची जागा कधी भरलीच नाही
आणि माझा आवाज म्हणे शेवटच्या बाकाला ऐकू जातो.

तरी एक शब्द जात नाही.
कायद्यात लिहिलेलं असतं, सात वर्षांपर्यंत.
माणसं सात ऐकतात.
पर्यंत तिथेच माझ्या टेबलावर पडून राहतं,
खोडरबराच्या भुग्यात.

विश्राम मळीक, राहणार मये, एके काळचा टिपर ड्रायव्हर.
बंद खाणीच्या गुदामातून पितळेची बुशं, अकरा किलो.
उघड्यावरून उचलली असती तर तीनपर्यंत.
गुदामाला छप्पर होतं, म्हणून सात.
छपराचं भाडं चार वर्षं.
आणि पत्रा उचकटतानाच सापडला असता
तर साताचं अर्धं.
अर्ध्यामुर्ध्या चोरीचंही माप आहे पुस्तकात.

त्याची बायको सुलक्षा दाराशी उभी होती,
हातात पिशवी, पिशवीत इस्त्रीचा शर्ट.
"सात वर्सां?"
"सात वर्सां मेरेन," मी म्हटलं.
मेरेन तिला लगेच कळलं.
मेरेवरूनच ती रोज चालते,
एका बाजूला आपलं भात, दुसऱ्या बाजूला दिराचं.
थोडा विचार करून म्हणाली,
"आनी ही मेर कोणें घाली?"

काय सांगू?
कुणीतरी, फार लांब, फार पूर्वी,
टाक शाईत बुडवून
जगातला सगळ्यात वाईट चोर डोळ्यांपुढे आणला असेल:
एका रात्रीत तीन घरं, म्हातारीच्या तोंडात बोळा.
त्याच्या अंगाला बसेल असा कोट शिवला
आणि खुंटीला टांगून ठेवला.
आमच्याकडे तर तो कोट उशिराच आला.
आधी इथे शिक्षा समुद्राने मोजत,
आईच्या माहेरचा एकजण अंगोलापर्यंत गेला होता,
परत येण्याचं माप कुणी लिहिलं नव्हतं.

नदीवरच्या पुलाच्या खांबाला लाल पट्टा आहे.
पाणी तिथवर मी एकदाच पाहिलं.
तरी दरवर्षी मे महिन्यात कुणीतरी शिडी लावून
तो पट्टा पुन्हा रंगवतं,
आणि खाली नदी गुडघाभर.

शिवाय आमच्या खुर्चीचा हात तीनपर्यंतच पोचतो,
त्यापुढचं हवं तर फाइल वर पाठवा.
कुलासो बाईंनी पाठवली नाही.
खाणीचा कारकून चार तारखांना आला नाही,
पाचव्या तारखेला आला आणि बुशं ओळखता येईनात त्याला.
पावतीवरून ओळखली.
दुपारी बाईंनी चष्मा काढला, विचारलं,
"कोलवाळला किती झाले याचे?"
जामीन मिळाला होता, जामीनदार मिळाला नव्हता.
मी दिवस मोजले. चौदा महिने, वर दोन दिवस.

बाईंनी निकाल सांगितला: चौदा महिने.
भोगलेली कोठडी वजा.

मी टाइप केलं.
आकडा गुन्ह्यातून निघाला की कॅलेंडरातून,
ते टाइप करायचं नसतं.
बाई वाईट नाहीत. तीनदा डोळे चोळले त्यांनी,
आणि तो संध्याकाळी घरी जेवणार होता.

व्हरांड्यात विश्रामने शर्ट चढवला.
खांद्यावर सैल झाला होता.
सुलक्षा पुन्हा माझ्याकडे आली,
आभार मानायला असं मला वाटलं.
"तीं सात खंय गेलीं?"

मी म्हटलं, पुस्तकात.
म्हणजे? तिने नुसतं बघितलं.
म्हणजे तिथेच आहेत, दुसऱ्या कुणासाठी,
असं मी म्हणाले नाही.
म्हणाले, चार वीसची मयेची बस आहे, चुकवू नका.

खिडकीतून दिसत होती दोघं स्टँडवर,
अंतर ठेवून, परक्यासारखी.
बस सुटेपर्यंत त्याने
शर्टाचं वरचं बटण लावलं नाही, काढलंही नाही,
धरून ठेवलं.